दांडेवाल्यांनी शोधलेली शांत जागा

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात नवा आलेला माणूस भिंतींना कान लावून लोकांची भांडणं ऐकतो, ही बातमी आमच्या इमारतीत पसरायला एक सकाळ पुरली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला जिन्याखाली उकिडवं बसलेलं पाहिलं होतं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून आम्हाला ओळीत उभं करतात. त्यांनी पाहिलं ते असं: एक लांब लोखंडी दांडा, त्याचं एक टोक भिंतीला, दुसरं त्या माणसाच्या कानाला. बाईंनी मला सांगितलं ते एवढंच. 'बायको सोडून गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय' एवढी भर माझी. बातमी तळमजल्यावर पोचेपर्यंत तो साध्या वेशातला पोलीस झाला होता, त्यात मात्र माझा हात नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. केराची बादली घेऊन खाली उतरले तर हा तिथेच, डोळे मिटून, दांडा कानाला.

"काय हो, काही ऐकू येतंय का?"

तो दचकलासुद्धा नाही. "तुमच्या मोरीतला नळ गळतोय, वहिनी. भिंतीच्या आत. चार दिवस तरी झाले असतील."

"आणि आमची भांडणं?"

"ती ऐकायला दांडा कशाला लागतो?"

त्या क्षणापासून ते माझे भाऊजी झाले. आणि नळ खरंच गळत होता. आमच्या ह्यांनी भिंत फोडली तेव्हा आतली वीट भिजलेल्या बिस्किटासारखी मऊ झालेली निघाली.

तर खरी गोष्ट अशी. बायको सोडून वगैरे गेलेली नव्हती. ती त्यांच्या जुन्या गावी होती आणि इथे यायची होती. आणि हा माणूस पोलीस नव्हता, जमिनीखालच्या पाइपांची गळती कानानं शोधणारा होता. असं काम असतं हे मला तरी ठाऊक नव्हतं. पहाटे चारच्या सुमाराला, लोक नळ उघडायच्या आत, भाऊजी रस्त्यानं दांडा टेकत टेकत जायचे. पाणी पाइपातून नीट जात असेल तर एक आवाज, फटीतून निसटत असेल तर दुसरा. दुसरा आला की रस्त्यावर निळ्या रंगाची फुली मारायची. मागून खोदणारे येतात आणि फुलीवर खड्डा करतात. पाणी लागलं तर कुणी काही बोलत नाही. नाही लागलं तर त्याला कोरडा खड्डा म्हणतात आणि मुकादम तो दिवसभर तोंडावर मारतो. भाऊजींचे कोरडे खड्डे वर्षाला दोन, फार तर तीन. तीस वर्षं दांड्याला दाबून दाबून त्यांचा उजवा कान इस्त्री फिरवल्यासारखा चपटा झाला होता. सगळी इमारत त्यांना दांडेवाले म्हणायची. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, तेवढंच.

जुन्या गावात पाणीखात्यानं पाइपांवर यंत्रं बसवली आणि ऐकणाऱ्या माणसांची जागाच रद्द केली. या शहरात मात्र जमिनीखाली कुठले पाइप कुठे गेलेत याचा नकाशा कुणाकडेच नाही, म्हणून इथल्या कंत्राटदारानं त्यांना बोलावून घेतलं. वय वर्षं चोपन्न. या वयात माणसं गाव सोडत नाहीत, पण पर्याय काय होता?

बायको म्हणाली, "या वयात नवं गाव? येईन. पण माझी एकच अट आहे. शांत जागा बघा. मला झोपायचंय."

तिकडे ती बावीस वर्षं पंपघराला लागून असलेल्या भाड्याच्या घरात राहिली होती. गावाचं पाणी चढवणारे तीन पंप रात्रंदिवस चालायचे. भांडी फळीवर आपोआप सरकायची म्हणे. बावीस वर्षं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कानात कापूस झाला. नवऱ्यानं तिच्यासाठी बाकी काय केलं ते मला माहीत नाही, पण ही अट मात्र त्यांनी वेदवाक्य मानली. इथे आल्यावर सहा महिने कंत्राटदाराच्या शेडमध्ये, पाइपांच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मधे एका खाटेवर झोपले आणि प्रत्येक सुट्टीच्या दिवशी शहर पालथं घातलं.

त्यांना जागा दाखवणारा एजंट माझ्या चांगला ओळखीचा. (माझ्या ओळखीचा कोण नाही?) त्यानं मला सगळं साग्रसंगीत सांगितलं. इतर लोक घर बघायला येतात तेव्हा खिडक्या बघतात, शेजार बघतात, बसचा थांबा किती लांब ते विचारतात. हे आत शिरायचे, "कुणी बोलू नका" म्हणायचे आणि भिंतीला दांडा लावून दहा मिनिटं उभे. एक घर नाकारलं कारण दोन गल्ल्या पलीकडे बर्फाचा कारखाना होता आणि त्याचा कंप्रेसर यांना पायातून कळला. दुसरं नाकारलं कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी पायानं ताल धरायचं. तिसऱ्या घराची मालकीण चहा घेऊन आली तर हे जमिनीवर पालथे पडलेले. ती ट्रे टाकून पळाली.

एजंटनं शेवटी हात टेकले. "काका, तुम्हाला घर घ्यायचंय की घराची छाती तपासायचीय?"

"तपासूनच घ्यायचंय," हे म्हणाले.

अशा चौदा वस्त्या झाल्यावर ते आमच्याकडे आले. दांडा लावला. ऐकलं. दुपारी पुन्हा आले, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आले. तिन्ही वेळा भिंतीत काही नाही. पाइपात काही नाही. रस्त्यावर काही नाही. एजंट सांगतो, त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते पाणावले होते. जागेवरच त्यांनी होकार दिला.

आता मला कुणी विचारलं असतं तर मी एका मिनिटात सांगितलं असतं. आमची वस्ती शांत का, तर इथे कुणी राहतच नाही. पलीकडचा बाटल्यांचा कारखाना बंद पडला त्याला पाच वर्षं झाली. माणसं निघून गेली. आमच्या इमारतीत अठरा बिऱ्हाडं होती, आता सात आहेत, त्यातली दोन आजारी. शाळा बंद, दवाखाना आठवड्यातून एकदा, केस कापायला दोन मैल. बस तासाला एक, तीही मनात आलं तर. पाइपातून आवाज येणार कसा? नळ उघडायला कुणी हवं ना! पण भाऊजींनी भिंतींना विचारलं, पाइपांना विचारलं. माणसाला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना माणसानं कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. प्रत्येक जण म्हणायचा, आमच्याकडे गळती नाही.

असो. बायको आठ दिवसांसाठी जागा बघायला येणार असं ठरलं. पसंत पडली तर ती तिकडचं घर सोडणार, नाही पडली तर नाही. भाऊजींनी अशी काही तयारी केली की लग्नघर परवडलं. दारांच्या बिजागऱ्यांना तेल. नळांचे वायसर नवे. खुर्च्यांच्या पायांना जुन्या रबरी नळीचे तुकडे. आतली खोली तिची, बाहेरची आपली. तिच्या खोलीला जाड पडदा. मग ते आमच्या दारात आले.

"वहिनी, तुमचा मिक्सर सकाळी किती वाजता लागतो?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा लावीन."

"आणि आवाज थोडा कमी करता येईल?"

"मिक्सरचा कसा कमी करणार?"

"मिक्सरचा नाही. तुमचा."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली सोडलं असतं. पण त्यांचा चेहरा असा होता की मी फक्त मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या काठीलासुद्धा त्यांनी रबराचं टोपण बसवून दिलं. बाई म्हणाल्या, "आयुष्यभर मी वर्गात शांतता राखायला सांगितली, आता हा मला सांगतोय!" पण टोपण काढलं नाही त्यांनी. आठ दिवस सगळी इमारत चोरासारखी चवड्यांवर चालत होती.

आणि मग ती आली. मला वाटलं होतं, एखादी डोक्याला पट्टी बांधलेली, कण्हणारी बाई असेल. छे! बुटकी, गुटगुटीत, दंड माझ्या दुप्पट आणि हसणं असं की जिन्यातली कबुतरं उडाली. कपडे उसवायचे-शिवायचे, लांडे-लांब करायचे, हा तिचा धंदा. शिवणयंत्राशिवाय ती कुठे जात नाही, पण या वेळी आणलं नव्हतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमचं पाच मिनिटांत जमलं. मला ताई म्हणायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत उभी राहून म्हणाली, "ताई, इथे मी पँटी लांड्या करायच्या तरी कुणाच्या? सकाळपासून एक माणूस दिसला, तोही रस्ता चुकलेला."

भाऊजी रोज सकाळी कामावरून आले की तिच्या तोंडाकडे बघायचे.

"लागली झोप?"

"लागली थोडी."

खोटं बोलत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी आमच्या फ्रिजची चौकशी केली. सहाव्या दिवशी माळ्यावर चढून कबुतरांचं घरटं हलवलं. बिचारे घाबरले होते. परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे दिवसभर घरात वावरायचे, तेही अनवाणी.

त्याच दिवशी दुपारी गच्चीत आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो. ती चादर पिळता पिळता म्हणाली, "ताई, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?"

मला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसानं माझी चौकशी केलेली नसते. मी अर्थातच "छे, छे" म्हणाले.

"हे इकडे आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला तिकडे झोप लागायला लागली. त्याच घरात. तेच पंप. मी काही केलं नाही, गोळी नाही, काही नाही. पडले की जी गाढ झोप लागते ती सकाळी दूधवाल्यानं दार ठोकेपर्यंत. बावीस वर्षं मी त्या पंपांना शिव्या घातल्या हो."

मी चिमटा तोंडात धरून उभी.

"हे वाईट नाहीत. कधी आवाज चढवला नाही. पण शेजारी पडून ऐकत असतात, ताई. मी कूस बदलली की विचारणार, काय झालं? श्वास जोरात घेतला की विचारणार, छातीत दुखतंय का? गप्प पडून राहिले तर विचारणार, जागी आहेस का? आपल्याला कुणीतरी सारखं ऐकतंय म्हटल्यावर माणूस झोपणार कसं? इथे तर पंपही नाही. इथे ते बाहेरच्या खोलीतून माझ्या पापण्यासुद्धा ऐकतात."

"त्यांना सांगितलंस का?"

"काय सांगू? चौदा वस्त्या पालथ्या घातल्या त्यांनी माझ्यासाठी. आता सांगू, की तुम्ही नसलात की मला बरं वाटतं?"

तिनं चादर झटकली. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले, आणि त्यानंतर ती माझ्या सुनेला कुठल्या दुकानात कापड स्वस्त मिळेल ते बोलायला लागली.

नवव्या दिवशी ती गेली. बस सुटताना म्हणाली, "बघू, हातातली कामं उरकली की येते." तिच्या तोंडचं ते वाक्य ऐकून भाऊजींचा चेहरा खुलला आणि माझा पडला.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. दोन दिवसांनी ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला.

ती महिन्यानं आली नाही, दोन महिन्यांनी आली नाही. कामं काही उरकेनात. भाऊजींनी आपल्या परीनं उत्तर शोधून काढलं. एक दिवस आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. तिला पंपाची सवय झालीय. इथल्या शांततेनंच तिची झोप उडाली."

मी पदराचं टोक दातात धरलं. दुसरं काय करणार?

झालं, पुन्हा तोच एजंट, पुन्हा सुट्टीचे दिवस. "काका, तेव्हा शांत हवं होतं, आता गोंगाट हवाय? मधलं काही चालत नाही का तुम्हाला?" एजंट वैतागला. पण यांना नुसता गोंगाट नको होता, तोच आवाज हवा होता. गिरणीजवळची जागा नाकारली, तिचा आवाज तुटक. रेल्वेजवळची नाकारली, तिचा येऊन जाऊन. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक पंपघर सापडलं, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून एक रिकामं घर.

ते बघायला मला घेऊन गेले. बायकांच्या नजरेनं बघा म्हणाले. घर म्हणजे काय सांगावं! खिडकीची काच हलत होती. जमिनीतून मुंग्या पायात चढल्यासारखं वाटत होतं. भाऊजींनी दांडा काढलाच नाही. नुसता तळवा भिंतीवर ठेवला आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. दात छान होते त्यांचे.

"हाच आवाज," म्हणाले. "अगदी हाच. इथे लागेल ना हो तिला झोप?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. दुसऱ्याचं गुपित जिभेवर आल्यावर परत आत ढकलायची मला सवय नाही. बावीस वर्षं बायकोच्या झोपेची काळजी वाहिलेला एक माणूस माझ्या समोर उभा होता, भिंतीवर हात ठेवून, आणि खरं काय ते त्या शहरात फक्त मला माहीत होतं.

"लागेल की," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. लागली असती. त्यांना घरात कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न होता.

संध्याकाळी त्यांनी तिला फोन लावला. आमच्या इमारतीत जिन्याच्या वळणावरच आवाज नीट येतो, म्हणून सगळ्यांचे फोन मला पाठ असतात. मी दाराच्या आत लसूण सोलत बसले होते.

"मिळाली जागा. हो, अगदी पंपाला लागून. तीन नाही, दोन आहेत, पण आवाज तोच... नाही, मी स्वतः ऐकला... का?... सामान मी हलवीन ना, तुला काय... असं का?"

मग बराच वेळ पलीकडून ती बोलत असावी. एवढा वेळ गप्प राहून कुणाला ऐकणं हे त्यांचं कामच, पण या वेळी ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. शेवटी म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं पुन्हा "बरं." आणि फोन ठेवायच्या आधी, "हो, झोप आता."

तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी एजंटला नकार कळवला आणि त्यानंतर घर शोधायला कधी बाहेर पडले नाहीत.

त्या आठवड्यात त्यांचे चार कोरडे खड्डे निघाले. मुकादम म्हणाला, काका, कान धुऊन या. पुढच्या आठवड्यात तीन. कंत्राटदारानंही आता पाइपाला चिकटवायच्या डब्या मागवल्या आहेत, त्या स्वतःच ऐकतात म्हणे आणि त्यांचा खड्डा कोरडा निघाला तरी कुणी त्यांना बोलत नाही. भाऊजींना वर्षभर ठेवतील. पुढे काय, हे त्यांनाही ठाऊक नाही. जुन्या गावी काम नाही, आणि तिकडे त्यांनी जाऊन करायचं काय, ते मी इथे लिहीत नाही. इकडे इमारतीतलं अजून एक बिऱ्हाड गेलं. आता आम्ही सहा.

बायकोशी रोज बोलतात. जेवलीस का, पाऊस आहे का, गिऱ्हाइकं किती आली. सगळं विचारतात, झोपेचं विचारत नाहीत. ती दर वेळी म्हणते, बघू, येते. हे म्हणतात, ये की.

परवा पोस्टात एक नवा कारकून बदलून आला. तोही एकटाच, बायको-मुलं मागे ठेवून. या शहरात राहायला कुठे बरं पडेल म्हणून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचला, सगळे पोचतातच. माणूस गरीब वाटला, शिवाय बोलका. मला वाटलं, भाऊजींना तेवढीच सोबत होईल. तडक त्यांच्या दारात गेले. आतली खोली मागे लावली होती तशीच होती, पडदा ओढलेला, गादीवर सुरकुती नाही.

"भाऊजी, तुमची एक खोली रिकामीच असते. पोस्टातल्या माणसाला देऊन टाका ना."

ते बाहेरच्या खोलीत बुटांना पॉलिश करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "रिकामी कुठे आहे, वहिनी? एका खोलीत मी राहतो, दुसरीत ती येत नाही."